हरिचंदचं माप

जळबाच्या घरात त्या दिवशी सकाळपासून पाय मोजणं चालू होतं. त्याची लेक शिवकन्या हवाई दलात अधिकारी व्हायचा अर्ज भरणार होती, आणि नुसती अधिकारी नाही, तर विमान उडवणारी. गणित आणि फिजिक्स घेऊन कॉलेजात पहिली आलेली, पहाटे उठून हायवेपर्यंत पळत जाऊन परत येणारी पोरगी. तिच्या अभ्यासाची कुणाला काळजी नव्हती. काळजी लागली होती ती जाहिरातीत बारीक अक्षरात दिलेल्या एका ओळीची. विमान उडवायचं असेल तर पायाची लांबी किमान नव्व्याण्णव सेंटीमीटर पाहिजे, असं तिथं स्वच्छ लिहिलं होतं.

"पाय काहून पाहून राहिले ते?" शिवकन्येची आई जनकाबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "विमान काय पायानं चालवतेत?"

"विमानात पायानं दाबायचे पायडल असतेत, आई. तिथवर पाय पुरला पाहिजे."

"सायकलीवानी," जळबानं खुलासा केला. लेकीनं पहिल्यांदा अर्जाचं नाव काढलं त्या दिवसापासून विमानातलं आपल्याला सगळं कळतं, असा त्याचा समज झाला होता. हळदीच्या रानात काम चालू असताना वरून एखादं विमान गेलं, की तो खुरपं खाली ठेवून उभा राहायचा आणि कामावरच्या बायांना सांगायचा, "पाहून घ्या. उद्या वळखीचं माणूस राहणार हाय त्याच्यात."

तर पाय मोजायचा होता. भिंतीला पाठ टेकून बसायचं, पाय सरळ पसरायचा, भिंतीपासून टाचेपर्यंत माप घ्यायचं, एवढं सोपं काम. पण घरात मोजायला होती शिवकन्येच्या कंपासपेटीतली एक वीतभर पट्टी. जळबानं ती पट्टी पुढं पुढं सरकवत मोजलं तेव्हा पाय चौऱ्याण्णव भरला. जनकाबाईनं मोजला तेव्हा एकशे तीन. तिसऱ्या वेळी जळबा निम्म्यात आकडा विसरला आणि मांडीपासून पुन्हा मोजू लागला. तेवढ्यात त्याचा थोरला भाऊ विश्वंभर आला.

विश्वंभर म्हणजे गावातल्या प्रत्येक सत्कारात शाल कुणाची, नारळ कुणी आणायचा, हे ठरवणारा माणूस. पुतणीच्या सत्काराचा मांडव कुठं घालायचा हे त्यानं अर्ज भरायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. त्यानं पट्टीकडं बघितलं आणि कपाळावर हात मारला. "आरे जळबा, हवाई दलाचं काम हाय हे. पट्टीनं मोजून राहिला? चाल हरिचंदकडं."

हरिचंदचं नाव निघाल्यावर वादच मिटला. बसथांब्याजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये हरिचंद शिंप्याचं दुकान होतं. त्यानं शिवलेली पँट आजवर कुणी परत आणली नव्हती. लोक म्हणायचे, हरिचंदनं नुसतं बघितलं तरी माप निघतं, टेप तो फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी लावतो. तो टेप कधीकाळी पिवळा होता. मशीनशेजारच्या खिळ्याला तो वर्षानुवर्षं लोंबत असायचा आणि त्याच्या खालच्या टोकाला हरिचंदनं आपली जाडजूड लोखंडी कात्री बांधून ठेवली होती. टेप सापडला की कात्री सापडावी आणि कात्री सापडली की टेप, असा हिशेब. कापडांच्या ढिगात दोन्ही हरवायची म्हणून ही सोय त्यानं स्वतः शोधून काढली होती आणि तिचा त्याला अभिमान होता.

हरिचंदनं कात्री सोडली, टेप झटकला, शिवकन्येला कटिंगच्या टेबलावर भिंतीला टेकवून बसवलं आणि चष्मा नाकावर घेतला. दुकानात चारदोन माणसं होती, तीही पुढं वाकून बघू लागली.

"सत्त्याण्णव," हरिचंद म्हणाला.

"पुन्हा पाहा."

हरिचंदनं पुन्हा पाहिलं. सत्त्याण्णव. जळबानं लेकीला जरा ताणून बसायला सांगितलं, टाच पुढं काढायला सांगितली. तरी सत्त्याण्णव. मांडीची लांबीही, बसल्यावर पाठीपासून गुडघ्यापर्यंत, मोजायची होती. ती चौसष्टच्या वर जाता कामा नये, असा नियम होता. ती साडेएकसष्ट भरली. म्हणजे मांडी पास आणि पाय नापास.

"काका," शिवकन्या हळूच म्हणाली, "दुसऱ्या टेपनं एकदा बघायचं का?"

हरिचंदनं चष्मा काढला. "बाई, तुह्या अप्पाच्या लग्नाचा सदरा ह्याच हातानं शिवला. तुह्या बारशाचं झबलं ह्याच हातानं शिवलं. कवा बोटभर कमी-जास्त झालं का? मी मापात पाप करत न्हाई."

"तसं न्हाई काका..."

"शिंपी बदलला म्हून पाय वाढतो का?" जळबानं लेकीलाच दटावलं. हरिचंदचा अपमान करणं त्याच्या जिवावर आलं. पण दुकानातून बाहेर पडताना त्याचे स्वतःचेच पाय दोन-दोन सेंटीमीटर कमी झाल्यासारखे पडत होते.

विश्वंभर मात्र मागं रेंगाळला. त्यालाही माप द्यायचं होतं. पुतणी अधिकारी झाली की फोटो निघणार, आणि फोटोत चुलता चांगला दिसायला पाहिजे म्हणून त्यानं नांदेडच्या एका दुकानात सुटाची ऑर्डर दिली होती. माप फोनवर सांगायचं, सूट बसनं यायचा. आपल्या टेपचं माप घेऊन कापड दुसऱ्यानं कापावं, हे हरिचंदला लागलं. पण गिऱ्हाइकाला नाही म्हणायची त्याची रीत नव्हती. त्यानं मापं घेतली, विश्वंभरनं ती तिथूनच नांदेडला कळवली.

"पँटीची लांबी चाळीस इंच," विश्वंभर फोनवर ओरडून सांगत होता. "बराबर चाळीस. हरिचंदचं माप हाय."

बातमीला मात्र माप नसतं. शिवकन्येचा पाय दोन सेंटीमीटर कमी भरला, एवढीच गोष्ट हरिचंदच्या दुकानातून निघाली. हॉटेलापाशी पोचेपर्यंत तिचा एक पाय दुसऱ्यापेक्षा दोन सेंटीमीटर कमी झाला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पळायला निघाली, तेव्हा रस्त्यावरची माणसं थांबून तिची चाल बघू लागली.

"कुठं लंगडती? चांगली तर पळून राहिली."

"पळताना कळत न्हाई. चालली की दिसंल."

ही बातमी जीपमध्ये बसून थेट सेनगावला गेली, कारण जळबाची बहीण गोजरबाई तिथं राहायची. गोजरबाईनं शिवकन्येसाठी एक मास्तराचं स्थळ मनात धरलं होतं. तिसऱ्या दिवशी ती एसटीतून उतरली ती हातात तेलाची बाटली घेऊनच. घरात पाणीही न घेता तिनं भाचीला अंगणात उभं केलं.

"चाल बरं इथून तिथं."

शिवकन्या चालली.

"आता उलटी ये."

"आत्या, काय झालंय काय?"

"मला काय इचारती? पावण्यांनी फोन करून इचारलं. पोरगी पायानं अधू हाय म्हणं. मी म्हणलं, माह्या भावानं मला सांगितलं न्हाई, पण आसंल तर मी सरळ करते."

जळबानं तिला जाहिरात, पायडल, नव्व्याण्णव, सगळं समजावून सांगितलं. गोजरबाईनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यातलं आपल्या उपयोगाचं तेवढं ठेवलं. "म्हंजी पाय लांब पाहिजे. मग त्याच्यात काय? वढला की होतो."

आणि मग पाय ओढणं सुरू झालं. सकाळी तेल लावून गोजरबाई आणि जनकाबाई एकेक पाय धरून बसायच्या. दुपारी शिवकन्या गोठ्याच्या आडव्या पाइपाला लटकायची. हे मात्र तिला आवडलं, कारण तिला नाहीतरी दंड कमवायचेच होते. समोरची म्हैस रवंथ थांबवून तिच्याकडं बघायची. संध्याकाळी जळबा तिला घेऊन हरिचंदकडं जायचा. हरिचंद कात्री सोडायचा, माप घ्यायचा आणि खाली मान घालून म्हणायचा, "सत्त्याण्णव." एकदा मात्र तो म्हणाला, "साडेसत्त्याण्णव." जळबानं थांब्यावरूनच पेढे घेतले आणि आळीत वाटले. दुसऱ्या संध्याकाळी तो अर्धा सेंटीमीटर परत गेला. पेढे काही परत आले नाहीत.

असं करता करता अर्ज भरायचा शेवटचा दिवस उद्यावर आला. जेवणं झाल्यावर जळबानं लेकीला जवळ बसवलं. कसं सांगावं हे त्याला कळत नव्हतं. ती पहिलीत असताना कागदाची विमानं करून गोठ्यावर टाकायची, ती काढायला तोच पत्र्यावर चढायचा. आता तिचं विमान त्यालाच खाली उतरवायचं होतं.

"बाई, त्या अर्जात पसंती लिहायची असती ना? पयली, दुसरी?"

"व्हय अप्पा."

"मग पयली पसंती जमिनीवरच्या ड्यूटीची लिही. वर्दी तीच, मान तोच. उडायचं पयलं लिहिलं आन तिथं चार लोकांत पाय मोजून माघारी धाडलं, तर तुला सोसणार न्हाई. मलाबी न्हाई सोसणार."

शिवकन्येनं क्षणभर बापाकडं बघितलं. "बरं," ती म्हणाली.

एवढ्या लवकर ऐकलं म्हणून जळबाला आणखीच वाईट वाटलं. जनकाबाईनं मात्र भांडी घासता घासता मान वर करून लेकीकडं बघितलं, आणि पुन्हा खाली घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायलेकी अर्ज भरायला वारंगा फाट्यावर मुन्नाच्या ऑनलाइन सेंटरला गेल्या. जळबा गेला नाही. आपल्या डोळ्यांदेखत ते जमिनीवरचं लिहिलेलं त्याला बघवणार नव्हतं. तो ओट्यावर बसून राहिला. वरून एक विमान गेलं, तर त्यानं मुद्दाम खाली बघितलं.

तेवढ्यात विश्वंभर समोर येऊन उभा राहिला. नांदेडचा सूट बसनं आला होता आणि त्यानं तो अंगात घातला होता. म्हणजे जेवढा जात होता तेवढा घातला होता. पँटीखालून घोटे दिसत होते, बाह्या मनगटाच्या वरच थांबल्या होत्या. बटण लावलं की श्वास घेता येत नव्हता आणि श्वास घेतला की बटण राहत नव्हतं.

"चाल," विश्वंभर दातओठ खात म्हणाला, "हरिचंदचं माप हाय म्हणं."

वाटेत कुणीतरी विचारलं, "दादा, धाकल्या पोराचा घातला का?" तेव्हापासून विश्वंभरचा आवाज जो चढला, तो हरिचंदच्या दुकानात शिरल्यावरही उतरला नाही. हरिचंदनं त्याला शांतपणे फिरवून बघितलं आणि निकाल दिला. "नांदेडवाल्यानं कापड खाल्लं."

विश्वंभरनं तिथूनच दुकानदाराला फोन लावला आणि आवाज मोठा केला. दुकानदारही काही कमी नव्हता. "चालीस बोले थे, चालीस दिया. टेप लगा के देखो ना."

हरिचंदनं पँट टेबलावर पसरली, टेप लावला. "पावणेएकोणचाळीस," तो विजयानं म्हणाला. "सांगा त्याला."

"हमारे यहाँ लोहे का टेप है, भाईसाब," पलीकडून आवाज आला. "कपड़े के टेप का क्या भरोसा. लोहे के टेप से नापो."

शेजारी वेल्डिंगचं दुकान होतं. विश्वंभर तणतणत गेला आणि तिथला लोखंडी टेप घेऊन आला. तोच पँटीला लावला. तो चाळीस म्हणाला. ना दोरा इकडं, ना दोरा तिकडं.

हरिचंदनं आपला टेप लोखंडी टेपाच्या शेजारी ठेवला, दोघांची टोकं जुळवली आणि बोट पुढं पुढं सरकवत नेलं. सुरुवातीला दोघं जोडीनं चालले होते. मग हरिचंदचा टेप हळूहळू मागं राहू लागला. लोखंडी टेपावर चाळीस आलं तरी त्याच्या टेपावर अजून एकोणचाळीससुद्धा आलं नव्हतं. सगळ्यांनी वर खिळ्याकडं बघितलं आणि मग टेबलावर पडलेल्या कात्रीकडं. ती कात्री वर्षानुवर्षं, रात्रंदिवस, उन्हानं तापलेल्या पत्र्याखाली त्या टेपाला लोंबकळून होती.

"वढला की होतो," जळबा पुटपुटला. बहिणीचं म्हणणं खोटं नव्हतं. फक्त ओढला गेला होता पाय नाही, टेप.

"आसं कसं व्हईल?" हरिचंद खाली बसला. "येक पँट वापस न्हाई आली आजपातूर."

"यील कशी?" विश्वंभर म्हणाला. "तू मोजायचा ह्याच टेपनं आन कापायचाबी ह्याच टेपनं."

हरिचंदनं त्यावर थोडा विचार केला. "बराबर हाय," तो म्हणाला. "दोन्ही वेळंला सारखंच खोटं बोलला, म्हून खरं व्हत राहिलं."

जळबाचं तिकडं लक्ष नव्हतं. त्याच्या डोक्यात काहीतरी सरकत होतं, सरकत सरकत ते जागेवर आलं, आणि तो ताडकन उठला. त्यानं हरिचंदच्या टेपावर सेंटीमीटरमधलं सत्त्याण्णव शोधलं, तिथं बोट ठेवलं आणि शेजारच्या लोखंडी टेपावर बघितलं.

शंभर.

त्यानं पुन्हा बघितलं. शंभरच होते. नव्व्याण्णवच्या वर पुरा एक.

"दादा," जळबा म्हणाला, "माही पोरगी उडती. आन मी तिला जमिनीवरचं लिहाय लावलं."

त्यानं शिवकन्येला फोन लावला. फोन वाजला आणि कट झाला. पुन्हा लावला, पुन्हा कट. तिकडं वारंगा फाट्यावर तो फोन मुन्नाच्या हातात होता. अर्जाचा ओटीपी यायचा होता, आणि आला की नेमका वरून "अप्पा" असा फोन यायचा आणि आकडा झाकला जायचा. मुन्ना फोन कट करत वैतागला होता. "कोण हाय हे अप्पा? घडी घडी फोन करून राहिलेत. ओटीपी मरून जाईल अशानं." शिवकन्या म्हणाली, "अर्ज भरला का इचारायला लावला आसंल. आपण आधी अर्ज भरू."

इकडं जळबानं मोटरसायकल काढली. मागं विश्वंभर बसला, सूट बदलायला वेळ नव्हता. त्याच्या मागं हरिचंद बसला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण आपल्या टेपनं झालेलं पाप निस्तरायला आपण गेलंच पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. हातात त्यानं दोन्ही टेप धरले होते, आणि मागून लोखंडी टेपाचा मालक ओरडत होता, "आरं, टेप कुठं चालवला?" हायवेवर आल्यावर जळबानं गाडी अशी सोडली की विश्वंभरच्या सुटाचं पहिलं बटण उडालं आणि ते वाऱ्यानं मागं येऊन थेट हरिचंदच्या चष्म्यावर आदळलं. जळबाच्या ओठांवर एकच होतं, "आजून दाबलं नसंल. देवा, आजून दाबलं नसंल."

मुन्नाच्या सेंटरमध्ये तिघं एकदमच दारातून शिरायला गेले आणि दारात अडकले. विश्वंभरचं दुसरं बटण तिथं गेलं.

"थांबा," जळबा आतल्या बाजूला हात लांब करून म्हणाला, "दाबू नका."

मुन्ना खुर्चीत मागं रेलला होता आणि चहा पीत होता. "दाबलं की, काका," तो खुशीत म्हणाला. "तुमच्या फोनानं दोनदा ओटीपी घालवला, पण तिसऱ्यांदा घेतलाच. अर्ज गेला दिल्लीला."

"वापस बोलव."

"आसं वापस येत न्हाई. गेलं ते गेलं."

जळबा स्टुलावर बसला. हायवेवरचे ट्रक जोरजोरात हॉर्न देत होते, पण त्याला काही ऐकू येत नव्हतं. शिवकन्या घाबरून त्याच्यासमोर येऊन बसली. "काय झालं अप्पा?"

"तुहा पाय शंभर हाय बाई," जळबाच्या डोळ्यांत पाणी आलं. "टेपच लांबला व्हता. तू म्हणली व्हती दुसऱ्या टेपनं बघू. मी तुहं ऐकलं न्हाई. सगळी दुनिया पोरींचे पाय वढती, मी माह्याच पोरीचा आखूड केला."

हरिचंदनं दोन्ही टेप हात जोडल्यासारखे पुढं धरले. शिवकन्येनं त्यांच्याकडं बघितलं, बापाकडं बघितलं, चुलत्याच्या उघड्या घोट्यांकडं बघितलं, आणि मग टेबलावरचा छापलेला अर्ज उचलून बापाच्या हातात दिला.

"वाचा, अप्पा."

जळबानं डोळे पुसून वाचलं. पसंतीक्रम एक. विमान उडवायची शाखा. त्यानं कागद उलटा करून बघितला, मागं काही वेगळं लिहिलंय का म्हणून. मागं कोरं होतं.

"तू तर 'बरं' म्हणली व्हती."

"म्हणली व्हते. पण अप्पा, तिथं त्यांचा डॉक्टर मोजणार, त्यांच्या टेपनं. कमी भरला तर त्यांना न्हाई म्हणू द्या. आपल्या घरातूनच आपण काहून न्हाई म्हणायचं?"

जनकाबाई कोपऱ्यातून म्हणाली, "ती 'बरं' म्हणली तवाच मला कळलं व्हतं. लहानपणापून तिची तीच रीत हाय. ऐकायचं नसलं की 'बरं' म्हणती. तुमी बाप असून तुमाला ठावं न्हाई?"

जळबा हसला आणि रडला, दोन्ही एकाच वेळी झाल्यामुळं त्याला ठसका लागला. मुन्नानं आपला अर्धा चहा त्याला दिला. सगळं आता गोड होणार, एवढ्यात विश्वंभरनं हात वर केला.

"थांबा. मांडी."

"मांडीचं काय?"

"पाय सत्त्याण्णव व्हता त्याचा शंभर झाला. म्हंजी तीन वाढले. मग मांडीबी तीन वाढली. साडेएकसष्टची साडेचौसष्ट झाली. चौसष्टच्या वर चालत न्हाई." विश्वंभरचा चेहरा पडला. "पाय पास झाला आन मांडी गेली."

हरिचंदच्या हातातून टेप खाली पडला. जळबानं लेकीकडं बघितलं, तर ती खांदे हलवत हसत होती.

"काका, पाय लांब हाय म्हून तिथं तीनाचा फरक पडला. मांडी त्याच्याहून कमी, तर तिथं फरकबी कमीच पडंल. तुमचा हिशेब धरला तर माह्या करंगळीतबी तीन सेंटीमीटर घालावे लागतेन."

पण तोंडी हिशेबावर आता कुणाचा विश्वास राहिला नव्हता. मुन्नाच्या बाकड्यावर, भिंतीला टेकवून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, लोखंडी टेपनं पुन्हा माप घेतलं गेलं. हरिचंदनं घेतलं, मुन्नानं घेतलं, आणि रस्त्यावरून बोलावलेल्या एका ट्रक ड्रायव्हरनं घेतलं, कारण तो परका होता आणि परक्याला खोटं बोलायचं कारण नव्हतं. पाय शंभर. मांडी साडेत्रेसष्टच्याही आत. ड्रायव्हरनं विचारलं, कशासाठी मोजताय. जळबानं सांगितलं. ड्रायव्हरनं शिवकन्येला कडक सलाम ठोकला आणि आपल्या गाडीकडं निघून गेला. तो पहिला सलाम होता, आणि जळबानं तो पुढं महिनाभर सगळ्यांना करून दाखवला.

परीक्षा झाली, निकाल लागला, आणि शिवकन्येला पुढच्या निवडीसाठी बोलावणं आलं. चांगले चार दिवसांचं काम. मुलाखती, मैदानावरची कामं, आणि विमान चालवायला हात-डोळा चालतो का हे बघायची ती मशीनवरची परीक्षा, जी माणसाला जन्मात एकदाच देता येते. हरिचंदनं पापाचं परिमार्जन म्हणून तिच्यासाठी एक पैसा न घेता काळी पँट शिवली. नांदेडहून खास नवा टेप आणून माप घेतलं. पण कापायला बसला तेव्हा इतक्या वर्षांच्या सवयीनं हात आपोआप खिळ्याकडं, जुन्याच टेपाकडं गेला. पँट चांगली बोट-दोन बोटं लांब झाली आणि जमिनीवर लोळू लागली. हरिचंदच्या हातून परत आलेली ही पहिली पँट. जनकाबाईनं ती आतून दुमडून टाके घातले आणि म्हणाली, "आसू द्या, कापू नका. लेकराला आजून लांब जायचंय."

निघायच्या दिवशी वारंगा फाट्यावर नांदेडची बस येईपर्यंत सगळे उभे होते. विश्वंभर सुटात होता. बटणं लावायचा नाद त्यानं सोडून दिला होता. गोजरबाई पिशवीत तेलाची बाटली कोंबत होती. जळबाला खूप काही सांगायचं होतं, पण बस समोर येऊन थांबली तेव्हा त्यातलं एकच आठवलं.

"हे बघ बाई," तो खिडकीजवळ जाऊन म्हणाला, "ते मशीनवरचं न्हाई जमलं, त्यांनी माघारी धाडलं, तरी तकलीफ करून घ्यायची न्हाई. हसत घरी यायचं. आपली हळद हाय, रान हाय. समजलं ना?"

शिवकन्येनं खिडकीतून बापाकडं बघितलं.

"बरं," ती म्हणाली.

बस सुटली. जळबानं जनकाबाईकडं बघितलं, जनकाबाईनं जळबाकडं बघितलं, आणि दोघंही भर फाट्यावर हसत सुटली.